पुराणातली वांगी

देवळात पुराण सांगणाऱ्या एका शास्त्रीबुवांनी एके दिवशी वांगे कसे निषिद्ध आहे, याचे मोठे रसाळ निरूपण केले. श्रोत्यांमध्ये त्यांची पत्नीही होती. घरी येताच तिने मंडईतून आणलेली वांगी दारच्या गाईपुढे टाकली. बुवा जेवायला बसले, पानात आवडती भाजी दिसेना म्हणून चौकशी केली, आणि कारण कळताच कपाळाला हात लावून म्हणाले, “अगं, ती पुराणातली वांगी पुराणात!” ही गोष्ट ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. तिच्यातल्या बुवांना आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत आलो आहोत. मला मात्र अलीकडे ते बुवा फार जवळचे वाटू लागले आहेत. हल्ली पुराण सांगण्याचे काम डॉक्टर करतात, आपण माना डोलावतो, पथ्याचा कागद घडी घालून फडताळात ठेवतो आणि पानावर बसल्यावर विचारतो, “आज भाजीला तवंग का नाही?” पुराणातले पुराणात, कागदातले कागदात.

वांग्याइतकी दुहेरी कीर्ती दुसऱ्या भाजीच्या वाट्याला क्वचितच आली असेल. त्याच्यावाचून सणाचे पान सजत नाही आणि व्रताच्या दिवसांत त्याला घरात थारा नाही. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याची भजी आणि वांग्याचे भरीत यांवर मनसोक्त ताव मारायचा आणि एकादशीपासून दोघांनाही निरोप द्यायचा, अशी रीत पुष्कळ घरांत आहे. कार्तिकी एकादशीनंतर काही घरे वांगे पुन्हा जवळ करतात; पण ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे, त्यांची वाट आणखी लांब असते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, सहा दिवसांचे नवरात्र होते, चंपाषष्ठीला तळी भरली जाते, देवाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य दाखवतात, आणि मगच घरात वांगे शिजते.

मी लग्न होऊन १९७५ साली इंदूरला आले, तेव्हा हा क्रम मला नवा होता. माझे माहेर कारवारचे. सासर मूळचे नगरकडचे, पण चार पिढ्या इंदूरात काढलेले. मल्हारराव होळकरांच्या पाठोपाठ जी मराठी घराणी माळव्यात आली, त्यांनी आपल्याबरोबर देव आणले, म्हणी आणल्या, गोडा मसाला आणला. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा मल्हारी मार्तंड. राजवाड्यात त्याचे देवालय आहे. त्यामुळे ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ हा गजर येथे, सह्याद्रीपासून शेकडो मैलांवर, परका वाटत नाही. सणासुदीला बाहेर दालबाफल्यांच्या पंगती उठत असतात आणि आमच्या स्वयंपाकघरात भरताचा धूर कोंडलेला असतो, असा हा दुहेरी संसार आहे.

माहेरी मला वांगे ‘वायंगण’ या नावाने ठाऊक होते. सासरी पहिल्याच दिवशी मी तसे म्हटले आणि धाकट्या नणंदेने पदर तोंडाला लावला. पुढे कधीतरी वाचनात आले की, संस्कृतात या फळाला वार्ताकु, वृन्ताक अशी नावे आहेत, तसेच वातिंगण असेही एक आहे. त्या वातिंगणापासून मराठीचे वांगे आणि हिंदीचा बैंगन निघाला. तोच शब्द इराणात जाऊन बादिंगान झाला, अरबांनी त्याला आपल्या वळणावर घेतले, त्यांच्याकडून तो पोर्तुगालात बेरिंजेला होऊन बसला आणि पोर्तुगिजांच्या गलबतांतून पुन्हा आपल्या किनाऱ्याला लागला. साहेबाचा ‘ब्रिंजल’ म्हणजे लिस्बनमार्गे परत आलेला आपलाच वातिंगण होय. हे कळल्यावर माझ्या कारवारी ‘वायंगणा’ची मान घरात थोडी ताठ झाली. मूळ शब्दाचा नाद त्याने इतर भावंडांपेक्षा अधिक राखला आहे, असे मी नणंदेला ऐकवलेही.

आमची धाकटी मावशी उडुपीला दिलेली होती. ती येताना पिशवीतून गुळ्ळे आणायची. उडुपीजवळ मट्टू नावाचे गाव आहे; तेथली ही वांगी फिकट हिरवी, चेंडूसारखी गोल आणि पातळ सालीची असतात. सोदे मठाचे वादिराजस्वामी सोळाव्या शतकात होऊन गेले. मट्टूच्या लोकांना हे बी त्यांनीच दिले, अशी आख्यायिका आहे, आणि दर दोन वर्षांनी येणाऱ्या पर्यायोत्सवाला मट्टूचे शेतकरी गुळ्ळ्यांची रास श्रीकृष्णमठात अर्पण करतात. २०११ साली या वांग्याला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळाले. माझ्या आईला या मानांकनाचे काही वाटले नसते. तिच्या लेखी गुळ्ळा हा देवाच्या घरचा पाहुणा होता, आणि तो चुलीतल्या निखाऱ्यांत भाजून, हिरवी मिरची, हिंग, चिंच आणि वरून चमचाभर कच्चे खोबरेल घालून त्याची बज्जी करावी, यापलीकडे त्याचे दुसरे सार्थक नव्हते. एका देवाला भरीत, दुसऱ्याला गुळ्ळा. माहेर आणि सासर यांच्यामध्ये माझ्यासाठी हा एक सांधा होता.

आता मूळ विषयाकडे वळते. २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या ‘ह्यां’च्या छातीत दुखू लागले. दोन दिवसांत शस्त्रक्रियेवाचून भागले, औषधे सुरू झाली, आणि निघताना डॉक्टरांनी एक कागद दिला. त्यात चालणे, झोप, मीठ यांबद्दल जे सर्वत्र असते ते होतेच. पण एका ओळीखाली त्यांनी पेनाने दोनदा रेघ मारली होती. दिवसभरात तेल आणि तूप मिळून चहाचे चार चमचे, त्याहून अधिक नाही. चार चमचे! आमच्या घरी एवढे तर एका फोडणीला लागे. सासूबाईंच्या हाताची भरली वांगी इंदूरच्या नातेवाइकांत नावाजलेली. तिखट, चमकदार, काठाला बोटभर तवंग असलेली. पाहुण्याचा मान तवंगावर मोजला जातो, ही समजूत काही एकट्या आमच्या घरची नव्हे. ज्या भाजीला तेल सुटले नाही ती भाजी केलीच नाही, असे मानणारी किती तरी घरे मी पाहिली आहेत.

तो चातुर्मास होता, म्हणून वांग्याचा प्रश्न चार महिने आपोआप टळला. दुधी, दोडका, पडवळ यांवर ह्यांनी दिवस काढले. तक्रार फारशी केली नाही, पण कॅलेंडरावरची चंपाषष्ठी मात्र रोज पाहात. ती उजाडली तेव्हा सकाळीच मला म्हणाले, “आता देवाच्या प्रसादालाही पथ्य लावणार का?” सासूबाई तेव्हा नव्वदीच्या घरात होत्या. कानांना कमी ऐकू येई, पण नको ते बरोबर ऐकू येई. त्या माजघरातून म्हणाल्या, “अरे, देवाचा प्रसाद भरताचा असतो. भरल्या वांग्यांचा नैवेद्य या घरात कधी झाला?”

मी पंचेचाळीस वर्षांच्या आसपास तो नैवेद्य रांधत होते, तरी या दृष्टीने त्याच्याकडे पाहिले नव्हते. खंडोबाच्या पुढे जे ठेवले जाते त्यात बाजरी, निखाऱ्यावर भाजलेले वांगे, कांद्याची पात, लसूण आणि मीठ. तेल लागलेच तर चमचाभर. देव धनगरांचा, रानावनांत फिरणाऱ्यांचा. त्याचे अन्न म्हणजे शेकोटीत जे भाजून होते ते. तवंग आला तो पुढे, माणसांच्या पंगतीत. डॉक्टरांनी रेघ मारलेली ओळ देवघरात कधीपासूनच पाळली जात होती.

त्या दिवसापासून मला या भाजीचा छंदच लागला. घरात आजेसासऱ्यांच्या वेळचा ‘भावप्रकाश’ होता, हिंदी टीकेसह छापलेला, पाने पिवळी पडलेली. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी त्यात वृन्ताकाचे गुण सांगितले आहेत, ते वाचून मी थक्क झाले. आपल्याकडे सरसकट म्हणतात की वांगे वातूळ. भावमिश्र नेमके उलट सांगतात. त्यांच्या मते ते वात आणि कफ यांना कमी करणारे, भूक वाढवणारे आहे. कोवळे वांगे हितकर, जून झालेले पित्त वाढवणारे, हा भेदही त्यांनी केला आहे. आणि पुढे जे सांगितले आहे, त्यासाठी तरी प्रत्येक सुगृहिणीने तो भाग वाचावा. अंगारावर भाजलेले वांगे अत्यंत हलके आणि अग्निदीपक होते. तेच तेलामिठाने युक्त केले की जड आणि स्निग्ध होते. वांगे तेच, चूलही तीच. पालटला तो स्वयंपाक करणारीचा हात. आमच्या डॉक्टरांनी भावप्रकाश वाचला असण्याचा संभव नाही, पण दोघांची साक्ष एक पडली. त्याहून पुष्कळ आधीच्या वाग्भटांनी तर वार्ताकाला ‘हृद्य’ म्हटले आहे. हा शब्द वाचून दाखवताच आमचे ‘हे’ आनंदले. हृदयाला हितकर असा त्याचा अर्थ त्यांनी तत्काळ लावला. मनाला रुचणारे असाही त्याचा अर्थ होतो, हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितले.

आजचे शास्त्र काय म्हणते तेही थोडक्यात पाहावे. शंभर ग्रॅम वांग्यात ब्याण्णव ग्रॅमच्या आसपास पाणी, सुमारे तीन ग्रॅम तंतू आणि अवघे पंचवीस उष्मांक असतात. बटाटा आणि वांगे एकाच कुळातले, पण पिष्टाच्या बाबतीत हा भाऊ अगदी निष्कांचन; त्यामुळे मधुमेही माणसाच्या पानात तो निर्धास्त वाढावा. पोट भरते, अंगावर चढत नाही. वांगे चिरल्यावर काळे पडते म्हणून त्यात भरपूर लोह असते, अशी एक समजूत आहे. बाळंतिणीच्या खोलीत मी ती अधिकारवाणीने सांगितलेली ऐकली आहे. तसे काही नाही. शंभर ग्रॅम वांग्यात अर्धा मिलिग्रॅमही लोह नसते. गरात क्लोरोजेनिक आम्ल नावाचे एक द्रव्य असते, त्याचा हवेशी संयोग होऊन तो काळेपणा येतो. सफरचंदही तसेच काळवंडते. हे द्रव्य स्वतः गुणकारी आहे, शरीरातल्या पेशींची होणारी झीज रोखणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना होते. पण लोहासाठी पालेभाजीच खावी.

जांभळ्या सालीतल्या रंगद्रव्याची कथा मला विशेष आवडते. जपानमध्ये वांग्याला ‘नासु’ म्हणतात. त्यावरून या द्रव्याला नासुनिन हे नाव पडले. १९३० नंतरच्या दशकात ते वेगळे काढून त्याचा अभ्यास केला तो चिका कुरोदा या विदुषीने. १९१३ साली तोहोकू विद्यापीठाने जपानात प्रथमच स्त्रियांना प्रवेश दिला, त्या पहिल्या तिघींपैकी ही एक. बायकांनी स्वयंपाकघरात वांगी चिरावीत असे मानणाऱ्या काळात तिने वांग्याची साल प्रयोगशाळेत नेली! नासुनिनही पेशींचे रक्षण करणाऱ्या द्रव्यांपैकीच आहे. मात्र येथे एक पेच आहे. भरीत करताना आपण तीच साल करपवून काढून टाकतो, आणि करपलेली साल खाऊही नये. म्हणजे भरताने तेल वाचते, पण साल जाते. भरल्या वांग्याने साल राहते, पण तेल येते. या दोहोंतून वाट काढणे, एवढेच माझे संशोधन.

प्रथम थोडा हिशोब सांगते. अर्धा किलो वांग्यांत सव्वाशे उष्मांक. त्यांवर मध्यम वाटीने अर्धी वाटी तेल घातले, तर त्या तेलात सहाशेच्या वर उष्मांक होतात. भाजीपेक्षा तेल पाचपट जड! आणि वांगे हे तेल बिनबोभाट पिते. त्याचा गर स्पंजासारखा आहे, त्यात हवेचे असंख्य पोकळ कप्पे असतात. कढईत पडताच ते तेल शोषून घेतात, तळ कोरडा दिसतो, आणि हात पुन्हा तेलाच्या बुधलीकडे जातो. यावर उपाय म्हणजे तेलाच्या आधी त्या कप्प्यांतली हवा काढणे. ते मिठाने होते आणि वाफेनेही होते.

भरल्या वांग्यांसाठी लहान, कोवळी वांगी देठासकट चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात टाकावीत, मग निथळून चाळणीवर आठ-दहा मिनिटे वाफवावीत. गर बसतो, स्पंज मिटतो. मसाल्यात तीळ, दाणे आणि थोडे सुके खोबरे कोरडेच भाजावे. त्यांच्या अंगचे तेल कुटताना सुटते, आणि तेही त्या चार चमच्यांच्या हिशोबात धरावे लागते, हे विसरू नये. म्हणून मी दाणे निम्मे केले आणि त्या जागी भाजलेले डाळीचे पीठ घेते. गोडा मसाला, चिंच, गूळ नेहमीप्रमाणे. पसरट पातेल्यात पाच माणसांच्या भाजीला दोन चमचे तेलाची फोडणी, तीत वांगी अलगद मांडायची, आणि वर ताटलीत पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायची. झाकणावर पाणी ठेवण्याची ही युक्ती काही माझी नव्हे. तेल महाग असलेल्या काळात प्रत्येक घरात तीच चाले. वाफ वर जाते, थंड ताटलीला लागून पुन्हा भाजीत उतरते, आणि तळाला लागण्याची भीती राहत नाही. अलीकडे जाड बुडाची भांडी आली, तेल स्वस्त झाले, आणि ताटलीतले पाणी गेले.

काचऱ्यांना, ज्यांना आमच्याकडे काप किंवा पोडी म्हणतात, मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. सुटलेले पाणी पुसून घ्यावे. त्याबरोबर बरेचसे मीठही जाते, रक्तदाब असणाऱ्यांनी हे पुसणे टाळू नये. मग तिखट, हळद, हिंग लावून तांदळाच्या रव्यात घोळवून बिडाच्या तव्यावर, चमचाभर तेल कडेने सोडून, झाकून भाजावेत. तळलेल्या कापांची सर त्यांना येते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. कडा कुरकुरीत होतात, मध्यभाग मऊ राहतो. कढईतल्या कापाचा तो सर्वांगी कडकपणा वेगळाच. महिन्यातून एकदा कोणी निरोगी माणसाने तळून खाल्ले तर मी आड येणार नाही.

भरताबद्दल मात्र मी हट्टी आहे. वांगे मोठे पण हाताला हलके निवडावे. आमच्या गल्लीत गाडी घेऊन येणारा भाजीवाला सांगतो, “माताजी, भारी मत लो, बीज निकलेगा,” आणि तो खरेच सांगतो. जून वांगे बियांनी जड होते. साल तकतकीत, देठ हिरवे आणि ताजे असावे. भाजण्यापूर्वी एक चीर देऊन आत पाहावे. निखारे मिळाले तर उत्तम. पण इंदूरच्या सदनिकेत निखारे कोठून आणायचे? गॅसवर जाळी ठेवून, सतत फिरवत, देठाजवळचा भाग मऊ होईपर्यंत भाजावे. लगेच झाकून ठेवले की साल सहज सुटते. साल काढताना वांगे नळाखाली धरू नये. पाण्याबरोबर भाजल्याचा सगळा स्वाद वाहून जातो. बोटे ओली करून सोलावे. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात. त्यांचे ते जळगावचे फिकट हिरवे, पांढऱ्या रेघांचे वांगे, ज्याला २०१६ साली मानांकन मिळाले, भरतासाठी निराळेच. बऱ्हाणपुराकडून कोणी आले की मी तेच मागवते. खानदेशी भरतावर तेल मुबलक असते हे खरे. पण ते वगळूनही ते भरीत उभे राहते, कारण त्याचा जीव धुरात आहे. मी हिरवी मिरची आणि लसूण वांग्याबरोबरच भाजते, पातीचा कांदा कच्चा घालते, आणि शेवटी एक चमचा कच्चे तेल किंवा दोन चमचे दही. मीठ अगदी वाढताना. कधी दही, कधी तेल. दोन्ही एकदम नाही.

ज्यांना वांगे खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते किंवा अंगावर गांधी उठतात, त्यांनी माझ्या या स्तुतीच्या भरीला पडू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या वैद्याला विचारूनच खावे. आणि वांग्याचे पाणी पिऊन वजन उतरते, असे सांगत फिरणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. वजन उतरते ते त्या पाण्याच्या जागी दुसरे काही न खाल्ल्यामुळे.

चीर देऊन आत पाहावे असे वर म्हटले, त्याचे कारण अळी. शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी पावसाळ्याच्या दमट दिवसांत फार माजते. चातुर्मासात वांगे का वर्ज्य, याचे उत्तर या अळीत आहे असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. मला तसे म्हणवत नाही. व्रत हे व्रत म्हणून करावे, त्याला कीटकशास्त्राची टेकू देण्याची गरज नसते. पण पावसाळ्यातले वांगे टाळणाऱ्या घरांत अळीची आणि औषधफवारणीची भाजी कमी येते, एवढे मात्र खरे. या अळीसाठी शेतकऱ्याला इतक्या वेळा फवारावे लागते की, जालन्याच्या महिको कंपनीने जनुक पालटून बीटी वांगे तयार केले. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने त्याला संमती दिली. मग नागपुरासह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, शेतकरी, वैद्य, शास्त्रज्ञ कडाडून भांडले, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने मात्र २०१३ साली त्याची लागवड मान्य केली. या वादात मी कोणत्या बाजूची, असे विचाराल तर, ज्याला रोज विषारी फवारा पाठीवर घेऊन शेतात फिरावे लागते, त्याचे म्हणणे आधी ऐकावे असे मला वाटते. आपण घरी एवढेच करू शकतो: वांगी मिठाच्या पाण्यात ठेवून, देठाच्या टोपीखाली बोट घालून नीट धुवावीत. फवारा तेथेच साचतो.

आमच्या घरी त्या चंपाषष्ठीला काय झाले ते सांगायचे राहिले. भरीत झाले, रोडगा झाला, तळी भरली. ह्यांनी प्रसाद खाल्ला, पुन्हा मागून घेतला, आणि मग हळूच विचारले, “भरली वांगी उद्या?” दुसऱ्या दिवशी मी ती वाफवून, दोन चमचे तेलात, ताटलीत पाणी ठेवून केली. सासूबाईंना सांगितले नव्हते. त्यांनी एक घास घेतला, पातेल्याच्या काठाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. “सूनबाई, तेल संपलं होतं का गं?” मी म्हटले, “नाही, आई. डॉक्टरांनी सांगितलंय.” त्या काही वेळ जेवत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या लहानपणी असंच करायचे. तेल घाण्यावरून आणायचे, आठवड्याचं मोजून. तवंग बिवंग कोणी पाहिला होता!” ज्या तवंगासाठी त्यांची ख्याती होती, तो त्यांच्याही माहेरी नव्हता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

त्या आणखी तीन वर्षे होत्या. ‘हे’ अजून रोज सकाळी चालून येतात आणि येताना कधी कधी वांगी घेऊन येतात, हलकी पाहून. कांदेनवमी ते चंपाषष्ठी हा नेम आम्ही दोघे अजून पाळतो. सून पुण्याची, नोकरी करणारी. तिने झाकणावरच्या पाण्याची युक्ती उचलली आहे, वाफवण्याला मात्र वेळ नाही म्हणते आणि वांगी कुकरात एका शिटीवर काढते. चव थोडी उतरते, पण तेल दोनच चमचे.

गुळ्ळा इंदूरला मिळत नाही. खानदेशचे ते फिकट हिरवे वांगे त्याच्या जातकुळीतले नव्हे, तरी साल पातळ असते. त्याचीच मी आईच्या पद्धतीने बज्जी करते, वर एक चमचा खोबरेल घालून. ह्यांना पहिल्यांदा खोबरेलाचा वास आला तेव्हा ते म्हणाले, “डोक्याला लावायचं तेल भाजीत?” आता स्वतःच बाटली काढून देतात, आणि चमचा मात्र माझ्या हातात देतात.